धोंड्याच्या महिन्यातला लॅपटॉप

यंदा पुन्हा ज्येष्ठ अधिक आला आहे. सूर्य आणि चंद्र यांची चाल एकमेकांना जुळत नाही. चंद्र घाई करतो, सूर्य आपल्या गतीने येतो, आणि तीनेक वर्षांत दोघांत एवढे अंतर पडते की पंचांगात एक अख्खा महिना घुसवून भांडण मिटवावे लागते. या घुसवलेल्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. मग तो रिकामा ठेवायचा कसा, म्हणून कोणीतरी त्यात जावयाला नेऊन बसवले. आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचे, पाटावर बसवायचे, नारायण समजून त्याचे पाय धुवायचे आणि तेहतीस अनारशांचे वाण दिव्यासकट त्याच्या हाती द्यायचे. नारायण होण्यासाठी जावयाला कसलीही परीक्षा द्यावी लागत नाही. मुलीशी लग्न झालेले असले की पुरे.

मागचा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्याला आठ वर्षे झाली. मध्ये अधिक आश्विन आला, अधिक श्रावण आला, ते आले तसे गेले. पण ज्येष्ठ अधिक आला की धारवाडची हवाही तीच येते. सकाळभर ऊन डोक्यात खिळे ठोकते. दुपारी चारच्या सुमाराला केलगेरीच्या तळ्याकडून आभाळ सुजत येते, जांभळे, हिरवट, मार लागलेल्या जागेसारखे. मग वारा रस्त्यावरचे जे सुटे आहे ते उचलून जे बांधलेले आहे त्यावर आपटतो. वळवाचे कौतुक करणाऱ्यांनी तो एकदा पत्र्याखाली बसून ऐकावा. आमच्या घराला वर एकच खोली आहे आणि तिच्यावर पत्रा आहे. गारा पडू लागल्या की त्या खोलीत माणसाला स्वतःचे ओरडणेही ऐकू येत नाही. काही घरांत ही सोयच असते म्हणा.

आठ वर्षांपूर्वी अधिक महिना लागायच्या चार दिवस आधी अक्का अळणावरहून सकाळच्या गाडीने आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुनंदा. डावा हात टॉवेलात गुंडाळलेला, उजव्या काखेत उशीचा अभ्रा, अभ्र्यात लॅपटॉप. कपड्यांची पिशवी नव्हती. आईने दार उघडले, हाताकडे पाहिले, अभ्र्याकडे पाहिले, आणि चहा झालाय का एवढेच विचारले. आमच्या घरात मोठ्या गोष्टींना असेच आत घेतात.

काय झाले ते अक्का एकदाच बोलली, तेही आम्हाला नाही, हाडाच्या डॉक्टरांना, कन्नडात. मी शेजारी उभा होतो म्हणून मला कळले. ती लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होती. भावजी बंद कर म्हणाले. ती म्हणाली, दोन ओळी राहिल्यात. तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी झाकण मिटले, तिचा हात आत असताना. हात निघेना म्हणून अंगाचा भार देऊन पुन्हा दाबले. मग लॅपटॉप ओढून भिंतीवर फेकला आणि रिकामे झालेले हात तिच्या गळ्याकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, कागदावर काय लिहू? ती म्हणाली, "सांगितलं तेच लिहा." डॉक्टरांनी पेन क्षणभर हवेत धरले आणि मग लिहिले. त्यांना आजवर बहुतेक पाय घसरलेल्या बायकाच भेटल्या असाव्यात.

भावजींची अळणावरात लाकडाची वखार. माणूस सार्वजनिक. बैठकीच्या खोलीच्या चारही भिंतींवर मानपत्रे, आणि त्या मानपत्रांत ते दीनांचे आधार आणि महिलांचे कैवारी. शाली एवढ्या साठल्या होत्या की जुन्या झालेल्या फाडून अक्का त्यांनी फरशी पुसत असे. त्या कैवाराचा तिला झालेला प्रत्यक्ष उपयोग तेवढाच.

लॅपटॉप मीच तिला दिला होता. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथून मोडीत निघालेला हा काळा, जाड, विटेच्या वजनाचा लॅपटॉप मी घरी आणला होता आणि त्यावर लिनक्स घातले होते. लिनक्स म्हणजे जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेली, फुकट वाटलेली प्रणाली. जुन्या यंत्रांना ती जगवते, आणि जगवताना तुमचे रक्त पिते. अक्काने दोन वर्षे तो लॅपटॉप विनातक्रार वापरला. दुपारी भावजी वखारीत असताना ती त्यावर कन्नडातून मराठीत भाषांतर करायला शिकली. वर्तमानपत्रातल्या बातम्या, औषधांची पत्रके, हाती लागेल ते. बेंगळुरातली एक कंपनी सीमेवरच्या गावांतले कोर्टाचे कागद आणि साक्षी भाषांतराला घरबसल्या देते, असे तिला कळले होते. त्या कंपनीने तिला चाचणीची तारीख दिली होती. सकाळी अकरा वाजता, दीड तास. एकीकडून कन्नड साक्ष ऐकू येणार, ती ऐकत ऐकत मराठीत लिहायची, आणि सगळे इंटरनेटवरून, एकदाच. भावजींनी झाकण मिटले तेव्हा राहिलेल्या त्या दोन ओळी या चाचणीच्या सरावातल्या होत्या.

मी तिला म्हणालो, चाचणी झाली नाही तर जाऊ दे, तू इथेच राहा. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी अजून शाळेतच आहे. म्हणाली, "तिथं मार खाते, इथं उपकार खाईन. मार पचतो रे, शीनू. काम मिळालं तर खोली घेऊन राहीन. नाही मिळालं तर माघारी जाईन." अक्का बोलते तसे करते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. नवीन लॅपटॉप घेऊया, असेही मी सुचवून पाहिले. "उपकार इथनंच सुरू करणार होय?" कॉलेजातली यंत्रे होती, पण गळ्यावर उमटलेली चार बोटे घेऊन ती बसमध्ये चढायला तयार नव्हती. म्हणजे हाच लॅपटॉप. आणि तो बिघडलेला होता.

बिघाड विचित्र होता. नुसता आवाज लावला तर आवाज येई. नुसते इंटरनेट लावले तर तेही येई. दोन्ही एकदम लावले की पाच-सात मिनिटांत आवाज घोगरा होई, एकच अक्षर फुटक्या तबकडीसारखे परत परत ओरडू लागे, पडदा गोठे, आणि मग काहीही केले तरी हलत नसे. बटण दाबून जीव घ्यावा लागे. चाचणीला दोन्ही एकदमच लागणार होते.

जुन्या लॅपटॉपच्या पोटात व्यवस्था अशी असते. मुख्य मेंदू एक. बाकीचे भाग, आवाजाचा, इंटरनेटचा, ज्याला काही सांगायचे असेल तो एक दोरी ओढून घंटा वाजवतो. दोऱ्या मोजक्या. त्यामुळे तीन-चार भागांना एकच दोरी वाटून दिलेली असते. घंटा वाजली की मेंदू हातातले काम टाकतो आणि त्या दोरीवरच्या प्रत्येकाच्या रखवालदाराला, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या प्रोग्रामला, विचारतो, तुमच्याकडून होती का? ज्याची असेल तो हो म्हणतो. पण कधी कधी घंटा वाजत राहते आणि सगळेच आमची नाही म्हणतात. लाखभर वेळा असे झाले की लिनक्स काय करते, तर ती दोरीच कापते आणि आपल्या वहीत नोंद करते. आमच्या वहीत ती नोंद दर वेळी सापडे. अकरा नंबरची हाक, कोणीही लक्ष दिले नाही, दोरी बंद केली. दोरी कापली की तिच्यावरचे निरपराध भागही मुके होतात. हा संदेश लिहिणारा परदेशी माणूस कोण होता मला ठाऊक नाही. एकत्र कुटुंबात वाढलेला असावा, अशी मला शंका आहे.

मी आठ दिवस त्या दोरीशी मारामारी केली. सुरू होताना ज्या आज्ञा देता येतात त्या सगळ्या देऊन पाहिल्या. एका आज्ञेने यंत्र इतके मंद झाले की अक्षर दाबून पाणी पिऊन यावे. दुसरीने ते उठलेच नाही. प्रिंटरचे भोक बंद केले, कधीही कोणी न वापरलेला इन्फ्रारेडचा डोळा बंद केला, जागा मोकळ्या केल्या. काही हलले नाही. जगभरचे जाणकार जिथे एकमेकांना मदत करतात त्या चर्चापीठावर मी प्रश्न टाकला. मुक्त ज्ञानाच्या या चळवळीबद्दल मला आदर आहे. पण चळवळीतही मठ असतात आणि मठात महंत. एका महंतांनी उत्तर दिले की विचारण्याआधी जुनी उत्तरे वाचावीत. दुसऱ्यांनी सांगितले की एवढे जुने यंत्र वापरणे हीच मूळ चूक. तिसऱ्यांनी या दोघांचे आभार मानून विषय बंद केला. माझी दोरीही कापली गेली.

खाली दुसरी तयारी चालू होती. आईने तांदूळ भिजत घातले. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचे. मग सावलीत वाळवून कांडायचे, गुळात मळून ते पीठ मुरवत ठेवायचे. हे कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. आईला जावई एकच. तरी मी विचारले. तिने त्यांना फोन करून बोलावले होते. "धोंड्याला जावयाला बोलवायचं नाही म्हणजे गावाला दवंडी देणंच की," ती म्हणाली. अक्का जिन्यावर उभी होती. तिने ते ऐकले, आणि त्या दिवसापासून ती आईशी बोलायची थांबली. पाणी हवे असले तर स्वतः उठून एका हाताने घेई. मीही आईशी तुटकच वागू लागलो. माझे वाचन बरेच असल्यामुळे मला तिच्या पिढीबद्दल पुष्कळ काही समजत होते.

समजायला हवे होते ते दुसरेच. आमचे अप्पा वकील होते. धारवाडच्या कोर्टात त्यांच्या सभ्यतेचे दाखले देत. घरी आले की ते कोट काढून खुंटीला लावत आणि मग काय होईल ते त्या दिवशीच्या निकालावर असे. सागवानी पट्टी होती, एक हाताची. आईच्या डाव्या कानाला कमी ऐकू येते, ते जन्मापासून नाही. आई त्याच कानावर पदर घेऊन बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकवायला गेली. तिच्या वर्गातली पोरे एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणत. अप्पा गेले त्या दिवशी लोकांनी भाषणे केली. आईने पट्टी चुलीत घातली, तेही पाणी तापवायला लाकूड कमी पडले म्हणून, असे ती म्हणाली.

चाचणीच्या आदल्या दुपारी वळीव आला आणि त्याने गल्लीला अक्षरशः धुतले, मारतात त्या अर्थाने. समोरच्या आंब्यावरच्या उरल्यासुरल्या कैऱ्या गारांनी सडासडा पाडल्या. एक फांदी तारांवर पडून तारा तुटल्या आणि रस्त्यावर सापासारख्या फुत्कारत राहिल्या. वर पत्र्याखाली अक्का आणि मी लॅपटॉपसमोर बसलो होतो. तो गोठलेला. ती उजव्या हाताने त्याच्या तुटक्या बिजागरीवरून बोट फिरवत होती. गारांच्या आवाजात ती काहीतरी म्हणाली. मी काय म्हणून विचारले तेव्हा तिने मान हलवली. नंतर एकदा सांगितले, मी तेव्हा स्वतःशीच परतीच्या गाडीची वेळ म्हणून बघत होते.

सकाळी वीज आली. चाचणीला दोन तास होते. खालून तुपात पहिला अनारसा सोडल्याचा वास आला. रागाने माणसाला कधी कधी सुचते. मी आवाजाचा रखवालदार काढून टाकला, इंटरनेटचाही काढून टाकला, आणि अकरा नंबरच्या दोरीवर किती घंटा होतात याचा आकडा बघत बसलो. आता त्या दोरीवर बोलणारे कोणी उरले नव्हते. तरी आकडा धावत होता. म्हणजे या दोघांचे भांडण नव्हतेच. कोणी तिसराच ओरडत होता.

तो मॉडेम होता. टेलिफोनच्या तारेने इंटरनेट जोडायचे ते जुने यंत्र, आता कोणाच्याही कामाचे नाही. त्याच्या कंपनीने त्याची माहिती कधी उघड केली नाही, म्हणून लिनक्समध्ये त्याला रखवालदारच नव्हता. इतकी वर्षे तो गप्प होता. भिंतीवर आपटल्यावर तो जागेवरून अर्धवट निसटला होता, आणि तेव्हापासून एकसारखी दोरी ओढत होता; एकच भाग चालू असला की यंत्राला ते कसेबसे पेलत होते, दोन्ही लागले की पेलत नव्हते. लॅपटॉपच्या पोटाखालचे दोन स्क्रू काढले, आगपेटीएवढी हिरवी पट्टी ओढून बाहेर घेतली. आवाज लावला, इंटरनेट लावले. दहा मिनिटे गेली, वीस गेली. कुठलासा कन्नड बातमीदार अखंड बोलत राहिला. अक्का हसली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि केस मागे बांधायला एका हाताने धडपडू लागली. मी बांधून दिले. फार वाईट बांधले गेले.

भावजी संध्याकाळी यायचे होते. ते सव्वा अकराला आले, गाडीतून, बरोबर त्यांचे काका. दुपारी हुबळीत भावजींचा सत्कार होता, सपत्नीक, आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी दिसून चालणार नव्हते. अंगावर रेशमी कुर्ता. त्यांनी येतानाच सांगितले, सुनंदाला तयार व्हायला सांगा, हाताचे कोणी विचारले तर पाय घसरला म्हणू. वरून साक्षीदाराचा कन्नड आवाज येत होता, बांधाच्या जागेवरून काहीतरी. भावजींनी छताकडे पाहिले आणि जिन्याकडे वळले.

तेवढ्यात आईने पाट मांडला. "जावईबापू, आधी वाण. पाटावर बसल्याशिवाय लेक न्यायची नसते," ती म्हणाली. असा काही नियम मी तरी ऐकला नव्हता. पण मान मिळत असताना भावजींना कधी उठून जाता आले नव्हते. ते बसले. व्यासपीठावर बसायची सवय, मांडी घातली, डोळे अर्धे मिटले. आईने त्यांचे पाय धुतले, कोमट पाण्याने, एकेक बोट. कुंकू लावले, अक्षता लावल्या. दिवा लावला. तांब्याचे ताट पुढे घेतले आणि अनारसे त्यात एकेक मोजून ठेवू लागली, प्रत्येकाला देवाचे एकेक नाव घेऊन. मी जिन्याच्या पायरीशी उभा होतो आणि मला तिची किळस आली होती. ही त्या पायांची पूजा करते आहे, वर अक्का बसली असताना.

एकतिसाव्याला आई थांबली. म्हणाली, चुकलं वाटतं. सगळे परत काढले आणि एकपासून सुरू केले. दुसऱ्या वेळी सव्वीसपर्यंत आली आणि दिवा विझला, कारण खिडकी उघडी होती. विझल्या दिव्याचे वाण चालत नाही. वात बदलली, तूप घातले, पुन्हा एक. काकांनी घड्याळ पाहिले. तिसऱ्या वेळी एकोणिसाव्यावर तिने मान वर केली आणि विचारले, अठरा झाले की एकोणीस? आणि माझ्याकडे पाहिले.

जिच्या वर्गात एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणत, ती बाई तेहतीसपर्यंत मोजताना दोनदा चुकली होती. तेव्हा कुठे मला उजेड पडला. "अठरा," मी म्हणालो. "मला वाटतं परत मोजावं." आयुष्यात मी केलेली ही एकमेव धार्मिक सूचना.

चौथा हिशेब चालू असताना भावजींचे डोळे पूर्ण उघडले. त्यांनी आईकडे पाहिले, ताटाकडे पाहिले, वर कान दिला. लाकूड विकणाऱ्या माणसाला मोजणीतली लबाडी कळते. "साकु," ते म्हणाले. पुरे. आई म्हणाली, "एवढे तेहतीस होऊ देत." त्यांनी उठता उठता लाथेने दिवा उडवला. तूप भिंतीवर गेले, आईच्या पदराने कडेला पेट घेतला. आईने तो हाताने चुरगळून विझवला आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली. त्यांनी तिला ढकलले नाही, ढकलणे हा शब्द हलका पडतो. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचलून बाजूला फेकले. तिचे कपाळ उंबऱ्याच्या कोपऱ्यावर आपटले आणि तो आवाज मला आजही ओळखता येईल.

माझ्या खिशात सकाळचा स्क्रूड्रायव्हर होता. तो हातात कधी आला मला माहीत नाही. मला त्यांना मारायचे होते, हे मात्र मला पक्के माहीत आहे. धमकावायचे नव्हते, अडवायचे नव्हते. पोटात खुपसायचे होते. त्यांनी माझे मनगट पिरगाळले आणि तो माझ्याच डाव्या तळहातात गेला. आमच्या घराण्यात मार खायचा सराव होता आणि द्यायचाही, पण अवजार वापरायचा माझा तो पहिलाच प्रसंग. मी पायरीवर बसलो. ते माझ्यावरून वर गेले.

वर काय झाले ते मला आवाजावरून कळले. खुर्ची पडली. साक्षीदाराचा आवाज केव्हाच थांबलेला होता. मग गॅलरीतून लॅपटॉप खाली आला आणि अंगणातल्या दगडी पायरीवर फुटला. त्याचा पडदा एका बाजूला, कळा चिंचोक्यांसारख्या चहूकडे. मग अक्काचा आवाज, अगदी साधा, "पाठवून झालंय. पाच मिनिटं झाली. आता मार पाहिजे तर."

शेजारी दारात जमले होते. आमच्या गल्लीत इतक्या वर्षांत हे प्रथमच. अप्पांच्या वेळी ते खिडक्या लावून घेत. भावजी खाली आले, सगळ्यांकडे पाहिले आणि कुर्ता सरळ केला. काका त्यांच्या दंडाला धरून कन्नडात म्हणत होते, सत्काराला उशीर होतोय, चल. गाडीत बसण्याआधी काका परत आत आले, ताटातले आणि जमिनीवरचे अनारसे गोळा केले आणि ताटासकट घेऊन गेले. वाण मागे ठेवू नये म्हणतात. दुसऱ्या दिवशी सत्काराचा फोटो छापून आला. शाल चांगली होती.

काम मिळाले. अक्काने केलगेरीला दोन खोल्या घेतल्या. खटला झाला, रेंगाळला, संपला. डॉक्टरांनी लिहिलेला तो कागद त्यात उपयोगी पडला. आईच्या कपाळावर तिरकी खूण राहिली, माझ्या तळव्यावर एक. अक्काचे मनगट थंडीत धरते. ती सणाला आईकडे येते, जेवते, भांडी घासून जाते. दोघी बोलतात ते भाजी आणि पाण्याबद्दल. मला वाटे, दोघींचा स्वभावच तसा.

गेल्या आठवड्यात मी केलगेरीला तिच्याकडे गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. कानांवर हेडफोन लावून ती कुठलीशी साक्ष उतरवत होती, दोन्ही हातांनी, झपाट्याने. मला पाहून तिने कानावरचे काढून टेबलावर ठेवले. ज्येष्ठ अधिक आलाय, मी सहज म्हणालो, आई आता पंचांग बघून हसते. आठवतं ना, दोनदा चुकली होती.

"काय चुकली होती?"

"अनारसे मोजायला. तुझा वेळ निघावा म्हणून."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सावकाश सांगितले की वर तिला ती मोजणी ऐकू येत होती. एक, दोन, तीन, देवांची नावे, परत एक. तिला वाटत होते आई खाली त्यांचे कौतुक करते आहे, मन भरत नाही म्हणून पुन्हा पुन्हा करते आहे. आईला ढकलले ते तिला माहीत होते, त्याआधीचा तास माहीत नव्हता. "त्या रागावर लिहिलं मी," ती म्हणाली. "परत एक ऐकू आलं की म्हणायचे, मर तू, मी इथनं जाते आणि तुझं तोंड बघत नाही. तेवढ्यावर हात चालला." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुला माहीत होतं. मला आठ वर्षं का नाही सांगितलंस?"

मला वाटले होते तुला माहीत आहे, मी म्हणालो. आईने कधी सांगितले नाही? मग लक्षात आले की आई कशी सांगेल. ज्या बाईने बहिरा कान आयुष्यभर पदराखाली ठेवला, ती स्वतःच्या हुशारीचा दाखला द्यायला लेकीच्या दारात जाणार नव्हती. तेवढे एक काम माझे होते. मी तेव्हा लॅपटॉप कसा दुरुस्त केला हे चार लोकांना सांगत हिंडत होतो.

अक्का उठली. साडी घरातली होती, केस सुटलेले. कुलूप शोधले नाही, छत्री घेतली नाही. बाहेर ऊन असे होते की डांबर पायाला चिकटत होते. मी रिक्षा आणतो म्हणालो, तोवर ती चपला घालून कोपऱ्यापर्यंत पोचली होती, धारवाडच्या रस्त्याने, जवळजवळ पळत. मी दारात उभा राहिलो. मागे टेबलावर काढून ठेवलेल्या त्या हेडफोनमधून कोणी एक साक्षीदार बारीक आवाजात कन्नडात सांगत होता की तो तिथेच उभा होता, त्याने सगळे पाहिले होते, आणि आजवर त्याला कोणी विचारले नव्हते.